आमचे हे इब्रीला असतात

लोकांना हसवायचा धंदा केला की न हसण्यासारखे किस्सेच जास्त साचतात. घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे. उपयोग काही नाही, पण टाकवतही नाहीत. नव्वदच्या दशकात मी मस्कतला दिवसा ऑफिसात टायपिंग करायची आणि शुक्रवारी मराठी मंडळात स्टँड-अप. तेव्हा त्याला एकपात्री म्हणायचे.

*

मंडळाचे सेक्रेटरी साठेकाका स्क्रिप्ट आधी तपासायचे. "धर्म नको, अर्बाब नको, अरब मालकांची थट्टा महागात पडते, वाह्यात काही नको."

"मग उरलं काय, काका?"

"नवरा! बायका खूश होतात."

मला नवरा नव्हता. हमरियाच्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर लता राहायची. नर्स होती. लोक तिला माझी रूममेट समजायचे. आमचं एकमेकींवर प्रेम होतं. मग लताचं घोरणं, तिचा पांचट चहा, तिचा रुसवा, सगळं मी 'आमचे हे' म्हणून स्टेजवर आणलं. लोक हॉल डोक्यावर घ्यायचे. तिसऱ्या रांगेत लता मान खाली घालून हसायची.

*

"तुमचे हे कधी दिसत नाहीत?" बौशरच्या एका वहिनींनी विचारलं.

"इब्रीला असतात. लांब पडतं, सुट्टी मिळत नाही."

त्यांनी 'ह्यां'च्यासाठी डबाभर पुरणपोळ्या दिल्या. लताने खाल्ल्या.

*

नागावकर आडनावामुळे मी सगळ्यांना 'आपल्यातली' वाटायची. मी ज्यू आहे हे ओळखलं फक्त श्रीवर्धनच्या शौकतभाईंनी. त्यांच्या मासळीच्या दुकानातून मी आमच्या धर्मात वर्ज्य असलेली कोळंबी कधीच नेत नाही, यावरून.

"तुम्ही शनवार तेली ना, शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे? आमच्या गावात तुमची घरं होती. घाबरू नका, मी कुणाला सांगायचा नाय. तुम्हीपण सांगू नका."

खरा गाववाला तेवढा एक भेटला, आणि त्याच्याशीही कुजबुजतच बोलायचं.

*

आमचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून सुरू होतो. मंडळाचा कार्यक्रमही तेव्हाच. आई अलिबागहून फोनवर विचारायची, "शुक्रवारी दिवे लावलेस ना गं?"

"लावले."

स्टेजवरचे.

*

दोन हजारनंतर लताच्या घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं. तिला नाही म्हणता आलं नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही. मुलगा चांगला होता. नोकरीला, नेमका, इब्रीला.

लग्नानंतर दोघं माझ्या कार्यक्रमाला आली. साठेकाकांनी 'आमचे हे'चीच फर्माईश केली. मी केलं. घोरणं, चहा, रुसवा, काही गाळलं नाही. लताचा नवरा डोळे पुसेपर्यंत हसला.

नंतर तो भेटायला आला. "चहा तर अगदी हिच्यासारखा पांचट!" मग लताकडे वळून म्हणाला, "पण असला नवरा तुझ्या नशिबी आला असता तर गं?"

"चालला असता," लता म्हणाली.