लॅटिनच्या पाच लेकी आणि वरच्या काकू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी युरोपात जेवढी शिस्त लावली, तेवढी खुद्द युरोपवाल्यांना कधी जमलेली नाही. आणि ही शिस्त त्यांनी लावली ती भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये बसून, कारखान्याच्या ग्रंथालयातल्या चार लोखंडी कपाटांत! परदेशाच्या दिशेनं त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे भोपाळातलंच हबीबगंज स्टेशन. पण कारखान्यात देशोदेशीची यंत्रं होती, प्रत्येक यंत्राबरोबर त्याच्या देशाच्या भाषेतली मॅन्युअल्स आली होती आणि काकू शब्दकोश मांडीवर घेऊन ती वीस वर्षं वाचत होत्या, दुसऱ्या बायका मासिकं वाचतात तशा. दुसऱ्या कोणी ती यंत्रांप्रमाणे लावली असती. काकूंनी भाषांच्या घराण्यांप्रमाणे लावली.

पहिलं कपाट रोमान्स घराण्याचं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रुमानियन, या लॅटिनच्या पाच लेकी. "आणखी आहेत," काकू म्हणत, "पण त्यांनी आपल्याला मशिनी नाही विकल्या." दुसऱ्यात जर्मन, स्वीडिश आणि इंग्रजी. इंग्रजी पहिल्या कपाटात का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "फ्रेंचचे दागिने घातले म्हणून काय झालं? हाड जर्मनांच्या घरचं आहे." तिसऱ्यात रशियन, पोलिश, चेक. चौथं कपाट अख्खं एकट्या हंगेरियनचं, कारण युरोपभर तिला जवळचं कोणी नाही, आणि एकट्या बाईला निदान जागा तरी ऐसपैस हवी! मॅन्युअल मागायला येणाऱ्याला काकू आधी भाषेचं घराणं विचारत. बरोबर सांगितलं तर चहा. चुकलं तर मॅन्युअल मिळे, पण सोबत पंधरा मिनिटांचं प्रवचनही मिळे.

मी पुण्याहून नवा आलेला इंजिनिअर, जिभेला धार. काकू एकदा म्हणाल्या, "थांब, मी चाय चढवून राहिले," आणि मी हसलो. काकू शांतपणे म्हणाल्या, "रुमानियन बघ. चारी बाजूंनी परक्या शेजारणी. कितीतरी शब्द त्यांच्याकडून उचलले तिनं. 'हो' म्हणायलासुद्धा त्यांचाच शब्द, 'दा'. म्हणून ती लॅटिनची लेक नाही? मोजायला बसली की आईचेच आकडे निघतात बाबा! उनु, दोय, त्रेय. आणि पाचाला चिंच!" त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं आणि चाय पिणं सुरू केलं.

अशात नवे साहेब आले. आडनाव पक्कं वऱ्हाडी, पण मराठी कोणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कपाटं पाहून ते म्हणाले, "मॅडम, ये रोमानिया तो रूस की तरफ का है। इसको तीसरी अलमारी में रखिए।"

"काहून?" काकू म्हणाल्या. "ती रशियनची कोणी लागत नाही."

"वहाँ भी हाँ को 'दा' बोलते हैं।"

"मग तुम्ही 'ओके' म्हणता साहेब, तुम्हाला लंडनला पाठवू काय?"

दुसऱ्या दिवशी मेमो आला. शनिवारपर्यंत रुमानियन मॅन्युअल्स हलवा, नाहीतर ग्रंथालयाचा चार्ज सोडून स्टोअर्समध्ये जा. काकूंनी तीन पानी उत्तर लिहिलं. त्यात पाचही लेकींचे आकडे शेजारी शेजारी मांडले, रशियनचे वेगळे मांडले आणि शेवटी लिहिलं, "सबब पुस्तकं हलणार नाहीत." मी म्हटलं, "काकू, मेमोवर सही करून टाका. कपाटच तर आहे." त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मीच जणू कोणाला तरी घराबाहेर काढायला निघालो होतो.

शनिवारी साहेब स्वतः आले. पहिलं कपाट उघडलं आणि हलवायची मॅन्युअल्स बोटानं मोजू लागले. खोलीत चिटपाखरू नव्हतं, फक्त आम्ही दोघं आणि साहेबांचं पुटपुटणं. "एक, दोन, तीन, चार, पाच..."

सहावर बोट थांबलं.

साहेबांनी कपाट हळूच लावलं, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझी आई मोर्शीची होती, ताई. राहू द्या ही इथंच."

पुस्तकं राहिली. काकू मात्र राहिल्या नाहीत. मेमोची प्रत वरच्या कचेरीत पोचली होती आणि तिथे लॅटिनला कोणी ओळखत नव्हतं. बदलीचा हुकूम आलाच. सोमवारी काकूंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ताठ मानेनं स्टोअर्समध्ये नटबोल्टांच्या खोक्यांपाशी जाऊन बसल्या. स्टोअर्स दुसऱ्या फाटकाच्या आत, पासाशिवाय इकडे यायची सोय नाही.

मग रोज संध्याकाळी मी कामावरून आलो, की वरच्या गॅलरीतून आवाज येई, "काय रे इंजिनिअर, कोणी हलवलं तर नाही ना?"

"कोणाची हिंमत आहे काकू!" मी खालून ओरडे. ते खरंच होतं. त्या कपाटाला कोणी हात लावत नव्हतं. हलवायला नाही आणि काकू गेल्यापासून उघडायलाही नाही. हे दुसरं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.