केरेनचे तीन

इटलीतल्या बोलोन्याच्या म्हाताऱ्या इव्होनेबाईंच्या जिभेवर लेतेब्रहान हे नाव काही बसलं नाही. अठरा वर्षं त्या तिला नुसतं लेते म्हणत आल्या. लेतेनं त्यांना अंघोळ घातली, भरवलं, वर शिव्याही खाल्ल्या. इरिट्रियातल्या केरेन गावची ही पोर हळूहळू इतकी इथली झाली, की स्वप्नातसुद्धा इटालियनमध्ये भांडू लागली.

त्या शनिवारी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. धाकटा भाऊ मेहारी येणार होता. तिनं घर सोडलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आता वाळवंट, समुद्र, छावणी असं सगळं मागे टाकून तो बसनं जर्मनीला निघाला होता, आणि बस बोलोन्यात जेमतेम वीस मिनिटं थांबणार होती. कुणाच्या तरी फोनवरून त्यानं घाईघाईत सांगितलं होतं, "ताई, शनिवारी तीन वाजता. चुकू नकोस गं." ती वीस मिनिटं हुकली तर पुन्हा भेट केव्हा, ते देवालाच ठाऊक.

तीनला बराच अवकाश होता. तिनं त्याच्यासाठी कॉफीचे हिरवे दाणे भाजायला घेतले. घर धुरानं भरलं.

"अगं, घर पेटवतेस की काय?" इव्होनेबाई आतून ओरडल्या.

"भावासाठी चाललंय!"

"मग त्याला जाळ की. मला कशाला?"

लेते हसली. धुरात तिला आईचं स्वयंपाकघर दिसू लागलं. आई अशीच दाणे परतत बसायची. पूर्वेच्या दारातून तिरकं ऊन आत यायचं आणि आई म्हणायची, "तीन वाजले, आणि बाईसाहेब अजून अंथरुणात!" किती गोड होतं ते ऊन. लेते मनातल्या मनात त्यात पाय शेकत उभी राहिली.

पूर्वेच्या दारातून?

तिनं तवा खाली ठेवला. गावाकडे सकाळी सहाला दिवस उजाडला की तास मोजायला सुरुवात. तिथले तीन म्हणजे इथले सकाळचे नऊ, आणि मेहारीनं तेच तीन सांगितले होते. आईच्या तोंडची वेळ ती विसरून गेली होती! भिंतीवर साडेदहा झाले होते.

"बाई, माझे बारा वाजले!" तिनं रडत रडत सगळं सांगितलं.

"मग इथं काय उभी राहिलीस? पळ! तासाभरात मी काही मरत नाही."

बसस्थानक ओस होतं. जर्मनीची बस केव्हाच गेली होती. कठड्यावर एक उंच तरुण गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, थेट आईसारखा.

"बस?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"गेली."

"आणि तू?"

"तू आली नव्हतीस ना. मग कसा जाणार?" मेहारी म्हणाला. मग तिच्या मनगटाकडे बघून त्यानं चिडवलं, "एवढं घड्याळ बांधून फिरतेस, तरी उशीर?"

लेतेचा बांध फुटला. तशीच, नाक ओढत, तिनं घड्याळाची किल्ली बाहेर काढली आणि काटे मागे फिरवत फिरवत तीनवर आणून ठेवले.

"बघ," ती म्हणाली, "तीनच वाजलेत."