बाटली धरून उभा असलेला संशयित

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरी सोडून काही वर्षं झाली, पण या एका बाबतीत थंड व्हायची माझी इच्छा नाही.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात एका खासगी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. पेशंटच्या नवऱ्याने इमर्जन्सीत धुडगूस घातला, वॉर्डबॉयचा दोन्ही हातांनी गळा धरून त्याला दारापर्यंत ढकलत नेलं, औषधांच्या कपाटाची काच फोडली. गुन्हा अजामीनपात्र. मी गाडी काढायला सांगितली. निघता निघता ठाण्याच्या फोनवर एक बाई बोलली. नाव सांगेना. "मॅडम, त्या मानसानं कोनालेच हात नाही लावला. मी तठीच बसून हावो." फोन बंद.

निनावी फोन खोटे असतात तसे खरेही असतात. जाऊन बघायचं.

संशयित पळाला नव्हता. अनसिंगकडचा भाजीपाला पिकवणारा माणूस, बायकोच्या खाटेशी सलाईनची बाटली डोक्याच्या वर धरून उभा होता. वांग्यावर फवारणी करताना तिला विषबाधा झाली होती. नर्सने सुई लावली, बाटली त्याच्या हातात दिली, "धरा" म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. इमर्जन्सीत स्टँड नव्हतं. नातेवाईक हेच स्टँड.

डॉक्टर केबिनमध्ये होते. तक्रार टाइप झाली होती, पेशंट तपासली नव्हती. मी त्यांना आधी खाटेशी आणलं. तपासणी झाली, इंजेक्शन गेलं, मग मी चौकशीला लागले.

"चला बाहेर," मी नवऱ्याला म्हटलं.

"येतो ना मॅडम. पन हे कोन धरते?"

बाटली माझ्या हवालदाराकडे दिली.

"शिव्या दिल्या?"

"देल्ल्या. लय देल्ल्या. बायको तोंडातून फेस काढून राह्यली अन् डॉक्टरचा पत्ता नाही! मंग काय आरती करू?"

"आणि काच?"

"बाटली धरू का काच फोडू? मले काय चार हात हायेत?"

तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा घोगरा आवाज आला. हवालदाराचा हात दुखून खाली आला होता आणि नळीत रक्त चढत होतं. "वर करा ना दादा! ह्यायनं एकडावबी हात खाली नाही केला."

ठाण्यात रोज कवायत करणारा गडी. एवढ्याशा वेळात त्याचा हात खाली आला, आणि तक्रारीप्रमाणे हा नवरा दोन्ही हात मोकळे करून दारापर्यंत गेला होता.

मी वॉर्डबॉयला बोळीत घेतलं. गळ्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

"दोन्ही हातांनी धरलं ना? मग बाटली कुठे होती?"

तो केबिनकडे पाहू लागला.

"मी इकडे आहे. इकडे बघ."

"मॅडम, स्ट्रेचरचं चाक अडकते. ढकललं तं कपाटावर गेलं. सर त्यायच्या सोताच्या क्लिनिकात होते. लोक बोंबलून राह्यले होते. सर आले अन् मनले, त्याचंच नाव घे."

ड्युटी सोडून गेलेल्या माणसाने ते झाकायला दुसऱ्याला तुरुंगात घालायचं ठरवलं होतं, आणि तेही त्याची बायको खाटेवर असताना.

मी आत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "अटक करताय की नाही?"

"पंचनामा करते. तोवर हे धरा. पेशंट तुमची आहे." हवालदाराच्या हातातली बाटली मी त्यांच्या हातात दिली.

पंचनाम्याचं पहिलं पान भरायच्या आतच ते वॉर्डबॉयवर ओरडले, "अरे, वरच्या स्पेशल रूममधलं स्टँड आण!"

स्टँड आलं. चकचकीत. त्याची चाकंही फिरत होती.

नवरा ते बघतच राहिला. "होतं काय?" त्याने विचारलं.

बाई पुढे अकोल्याला नेल्यावर वाचली. मला या केसने एवढं शिकवलं, की दवाखान्यातून मारहाणीची तक्रार आली की आधी केबिनमध्ये नाही, खाटेशी जायचं. फिर्यादी उभा असतो, बोलू शकतो. पेशंटला कुणी विचारत नाही.

खोट्या फिर्यादीबद्दल डॉक्टरवर कारवाई झाली. त्याला कलम आहे. स्टँड वरच्या मजल्यावर ठेवण्याला नाही.