शिरीषभाऊजींच्या वाटची पेज

काल ह्यांच्या चुलतभावाकडे, शिरीषभाऊजींच्या दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटवर गेलो, तर दारातच आल्याचा आणि तळलेल्या लसणाचा वास आला. "फिलिपिनो पेज केलीय वहिनी, कम्फर्ट फूड," भाऊजी म्हणाले. ह्या माणसाला कसला कम्फर्ट हवा होता कोण जाणे.

मंदीत ह्यांची नोकरी गेली, तेव्हा अबू धाबीत मुसफ्फाजवळ तेरेसा नावाच्या फिलिपिनो बाईच्या कुटुंबाबरोबर आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. पगार तिचाही थांबला होता. तरी ती पातेलंभर पेज शिजवायची, वर कुरकुरीत लसूण भुरभुरायची आणि आम्हा सगळ्यांना चटईवर एकत्र बसवायची. भाऊजी कुठेतरी शब्द टाकतील म्हणून ह्यांनी त्यांना एकदा बोलावलं. तेरेसाने पहिला वाडगा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नाकाला रुमाल लावला. "दादा, असलं खाता तुम्ही?" एवढं बोलून गाडीची किल्ली उचलली. नोकरीचा विषय निघालाच नाही. तो वाडगा माझ्या लहानग्या मुक्ताने चाटूनपुसून संपवला.

काल भाऊजी त्याच मुक्ताला पेज कशी खायची ते शिकवत होते. एरवी इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या माझ्या लेकीने वाडगा हळूच परत सरकवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "नको काका. तुमच्या वाटची मी तेव्हाच खाल्ली."