स्वल्पविरामासकट

घाटकोपरला माझ्या कविता टाइप करून देणारा एक डीटीपीवाला आहे. "साहेब, आपल्याला कवितेतलं काय पण कळत नाही," हे तो दर वेळी ऐकवतो. प्रूफ तपासताना तो माझी वही मोठ्याने वाचतो आणि मी छापलेल्या कागदावर लाल पेन फिरवतो. वाचतो तेही वाण्याची यादी वाचावी तसं, चिन्हांसकट: "तीस वर्षांचं घर स्वल्पविराम दोन खुर्च्या पूर्णविराम."

मागच्या महिन्यात प्रूफं तपासायला गेलो तेव्हा त्याचा घसा बसला होता. बायकोला दवाखान्यात दाखवून मी परस्पर तिकडे गेलो होतो, म्हणून तीही माझ्यासोबत होती. कामाच्या घाईत मीच वही तिच्या हातात दिली. "तू वाच गं, पाच मिनिटांचं काम आहे."

कविता आमच्याच विस्कटत चाललेल्या संसारावरच्या होत्या. तिला मी त्या कधी दाखवल्या नव्हत्या. तिने त्याच्यासारखंच सपाट आवाजात सुरू केलं. "ती माझ्याशी बोलत नाही स्वल्पविराम आणि आता मला त्याचं काही वाटतही नाही पूर्णविराम."

मी कागदावर बरोबरची खूण केली.

"वहिनी, द्या इकडे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि त्याने वही जवळजवळ हिसकावूनच घेतली. "बाकीचं मी उद्या बघतो ना. तुम्ही बसा, चहा सांगतो."

कवितेतलं काही न कळणाऱ्या त्या माणसाला पुढचं ऐकवेना. मी मात्र लाल पेन धरून पुढच्या ओळीची वाट पाहत होतो.