पाच हातांचा कार्बन

आमच्या सोलापुरातल्या लॅबमध्ये प्रयोग कमी आणि किस्से जास्त यशस्वी होतात. मी तिथे पीएचडी करतो. माझा संगणक एआय वापरून क्षयरोगावरच्या नव्या औषधांचे रेणू सुचवतो आणि शेजारच्या टेबलावर पद्मा ते खरोखर बनवायला बघते. क्षयच का? माझ्या अक्काला झाला होता. बरी झाली, पण गोळी म्हटलं की अजून तोंड फिरवते.

*

मॉडेल पहिल्यांदा चाललं तेव्हा मी ऐटीत पद्माला बोलावलं. तिने एक रेणू उघडून त्यातल्या बंधांच्या रेघांवर बोट ठेवत विचारलं, "कार्बनला हात किती?"

"चार."

"ह्याला पाच आहेत."

"नवीन औषध आहे ना," मी म्हटलं.

तेव्हापासून लॅबमध्ये कुणी झेपेना इतकं काम अंगावर घेतलं की तो 'पाच हातांचा कार्बन'. त्यातून आमच्या गाईड मॅडमही सुटलेल्या नाहीत.

*

गावाकडून, मैंदर्गीहून, माझे वडील अप्पा आले, मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून. स्क्रीनवर रेणू फिरत होता.

"ह्येच औषध?"

"व्हय."

"मग फिरतंय कशाला?"

"सगळ्या बाजूंनी दिसावं म्हणून."

अप्पा उठले, स्क्रीनच्या मागे जाऊन वाकून बघून आले. "मागनं काय दिसत न्हाय की."

*

पद्माने बनवलेला पहिला रेणू म्हणजे चंबूच्या तळाला चिकटलेलं डांबर. ती तेलुगूत बराच वेळ काहीतरी पुटपुटली. मी अर्थ विचारला.

"तुझ्या संगणकाला यश येवो म्हणाले."

तिची आई डबा द्यायला आली होती. ती हसून हसून खुर्चीत बसली.

*

अक्काची फोनवर एकच अट. "म्हादू, लाल गोळी करू नको. त्या गोळीनं लघवी केशरी व्हायची. मी मरतीय म्हणून पहिल्या दिवशी लई रडले."

मी हे मॅडमना सांगितलं. पुढे बाहेरच्या तज्ज्ञांनी बैठकीत विचारलं, "तुमच्या औषधाकडून अपेक्षा काय?"

मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "जंतू मरावेत, माणूस जगावा आणि केशरी काही होऊ नये."

*

कितीतरी रेणू वाया गेले. शेवटी एकाची पांढरी पूड हाती आली. ती आम्ही क्षयाच्या जंतूंच्या एका निरुपद्रवी चुलतभावावर टाकली. जंतू वाढले की नळीतलं पाणी गढूळ होतं. आजवर आमची प्रत्येक नळी गढूळच निघाली होती.

त्या सकाळी पद्माने नळी उजेडात धरली, फिरवून पुन्हा बघितली आणि माझ्या हातात दिली. मी अक्काला व्हिडिओ कॉल लावला, नळी कॅमेऱ्यासमोर धरली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

अक्काने डोळे बारीक करून पाहिलं.

"ह्यात तर काहीच न्हाय की, म्हादू."

"व्हय अक्का," मी म्हटलं, "काहीच न्हाय."