मामांची डबल बेल

समुद्राच्या काठाने उभा जन्म काढून समुद्र न पाहिलेला जगात एकच माणूस असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. राहायला चारकोपला. नोकरी सिटी बसच्या ड्रायव्हरची, त्यातही बहुतेक वर्षं मालाड ते मढ. उजव्या हाताला आक्सा, एरंगळ असे सगळे किनारे नारळांमधून डोकावत असायचे आणि मामा समोर बघत असायचे. "ड्रायव्हरनं मान वळवली की पाशिंजरांची वाट लागली," हे त्यांचं तत्त्वज्ञान. शेवटच्या स्टॉपला चहापुरती उसंत मिळे, तेव्हाही ते समुद्राकडे पाठ करून टायर तपासत.

रिटायर झाले आणि काचबिंदूने त्यांची नजर दोन्ही कडांनी कुरतडायला घेतली. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते आता बघून घ्या. मामा माझ्याकडे आले. "जावईबापू, एकदा समुद्र बघायचाय. उजेडात."

माझ्याकडे गाडी नवी होती आणि आत्मविश्वास त्याहून नवा. मामांना घ्यायला गेलो तो त्यांच्या सोसायटीच्या गेटलाच गाडी घासली. मामा शांतपणे म्हणाले, गेट पहिल्यापासून तिथंच आहे.

मामांना मढला नेणं म्हणजे प्रत्येक बसस्टॉपवर थांबणं, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. स्टॉप त्यांना वळणांवरून पाठ. ही आपली घरची गाडी आहे म्हटलं, तर म्हणे, माणसं उभी आहेत ना? माणसं चढायची, मामा डॅशबोर्डवर दोनदा टकटक करायचे. डबल बेल. मग मी निघायचं. एका बाईंनी मला एसी वाढवायला सांगितला आणि मी निमूट वाढवला. एरंगळला एक कोळीण मावशी टोपलीसकट चढे. तिचा बोंबलांचा वास आठवडाभर गाडीत राही आणि बायको आठवडाभर माझ्याशी खिडकीतून बोले.

चार रविवार आम्ही पोहोचलो ते अंधारात. "असू दे, पुढच्या रविवारी," मामा म्हणायचे. पण दर रविवारी त्यांची नजर आणखी थोडी आत सरकलेली असायची.

पाचव्या रविवारी मी हुशारी केली. काचा वर, भजनं मोठ्याने, आणि एकही स्टॉप न घेता सुसाट. एरंगळला मावशी उभी होती. आमची गाडी ओळखून तिने टोपली उचललीसुद्धा होती. डाव्या बाजूचं मामांना आता दिसत नव्हतं. मला मात्र आरशात तिचा वर केलेला हात बराच वेळ दिसत राहिला.

किनाऱ्यावर ऊन होतं. मामा माझा दंड धरून उभे राहिले. "केवढा हो हा," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वाटेत कोणी उभं नव्हतं?"

"नाही."

"मावशीपण नाही?"

"कोणी नव्हतं, मामा."

"बरं झालं. नाहीतर मला इथं उभं राहवलं नसतं." आणि सूर्य बुडेपर्यंत ते बघत राहिले.

आता त्यांना काहीच दिसत नाही. तरी आम्ही रविवारी जातो. मी रिकाम्या स्टॉपवरसुद्धा थांबतो. मावशी त्यानंतर पुन्हा दिसली नाही. एरंगळ आलं की मामा विचारतात आणि मी गियरशी खेळत बसतो. 'कोणी नव्हतं' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "मावशी चढली?"

"चढली," मी म्हणालो.

मामांनी नाक किंचित वर केलं. गाडीत फक्त अत्तराच्या बाटलीचा वास होता. मग हात चाचपडत पुढे नेऊन त्यांनी डॅशबोर्डवर हळूच दोनदा टकटक केलं.